बासरी, माईक आणि शेजारचा कुकर

आज मंडळाच्या हॉलमध्ये गणपतीच्या कार्यक्रमाची रिहर्सल होती आणि साउंडवाल्या भैयाने एसएम ५८ माईक थेट माझ्या तोंडासमोर आणून ठेवला. यमन सुरू केला तर स्पीकरमधून सुरापेक्षा फूफूच जास्त, पहिल्या रांगेतल्या काकू म्हणे दमा आहे का रे तुला! आता त्यात माईकची काय चूक, तो गाणाऱ्यांसाठीचा, बासरीत फुंकर भोकावरून पुढेच निघते आणि आवाज काही फक्त तिथूनच येत नाही, बोटांखालची जी भोकं उघडी असतात तिथूनही येतो. मग मीच स्टँड वर घेतला, कपाळाच्या उंचीवर, वीतभर लांब, माईकचं तोंड खाली, फुंकीचं भोक आणि पहिल्या बोटाच्या मधोमध. भैया गपचूप बघत होता, मग म्हणाला "अब आया ना बाँसुरी का मजा".

घरी मात्र कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही पकडणारा माईक, ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (माईकच्या वायरमधूनच येणारी वीज) लागतो त्याला. ई स्केलच्या मोठ्या बासरीचा मंद्र, म्हणजे खालचे सूर, काय सुंदर पकडतो, पण पंखा, पाऊस, वरच्या मजल्यावरची खुर्ची सगळंच पकडतो. स्टेजवर तो लावायची हिंमत नाही आपली, तबला आणि मॉनिटर (वाजवणाऱ्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) दोन्ही त्यात शिरतील आणि शिट्टी वाजेल ती वेगळीच.

संध्याकाळी गोधडी दारावर टांगून, पंखा बंद करून, घामाघूम होत रेकॉर्डिंगला बसलो. चौथा टेक एकदम जमलेला, शेवटचा षड्ज लांबवतोय आणि शेजारच्या कुकरची शिट्टी. तीही जवळपास सुरातच होती हो! ठेवलाय तो टेक.