मामाच्या कोल्ड रूममधला खोटारडा सेन्सर

मामाची द्राक्षांची कोल्ड रूम आहे दिंडोरीकडे. ऐन फेब्रुवारीत आत माल खच्चून भरलेला आणि कंप्रेसर दर दहा-पंधरा मिनिटांनी एलपीवर (लो प्रेशर, म्हणजे गॅसचा दाब कमी दिसला म्हणून) ट्रिप. मेकॅनिक आला, कंट्रोलरवर सक्शन प्रेशर (कॉइलकडून कंप्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) अर्धा बार दिसलं, म्हणाला गॅस लीक आहे आणि भरला की सरळ दोन किलो. गेज लावायची तसदी नाही! ट्रिप व्हायचं काही थांबलं नाही, मग मामाचा मला फोन, "अरे तू त्याच लाइनमधे आहेस ना, ये जरा बघून जा."

आता खोली गार करणारी कॉइल किती थंड झालीय हे मशीनला कसं कळतं तर प्रेशरवरून. गॅस ज्या प्रेशरला उकळतो त्याचं तापमान ठरलेलं असतं, म्हणजे मामाकडे आर-४०४ए नावाचा गॅस आहे, तो गेजवर ३.५ बार असेल तर उणे ९ अंशाच्या आसपास उकळणार. हे प्रेशर मोजायला सक्शन लाइनवर बोटाएवढा सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या आत स्टीलचा पातळ पडदा, दाब पडला की अगदी इवलासा वाकतो, मागचे रेझिस्टन्स ताणले जातात, त्यांचा ओहम बदलतो आणि आतलं सर्किट त्याचं व्होल्टेज करून बाहेर पाठवतं.

हा सेन्सर तीन वायरचा होता, ५ व्होल्ट सप्लाय, ग्राउंड आणि सिग्नल. रेंज उणे १ ते ९ बार, सिग्नल ०.५ ते ४.५ व्होल्ट, म्हणजे एका बारला ०.४ व्होल्ट. सुरुवात शून्याऐवजी ०.५ पासून का, तर वायर तुटली की शून्य येतं आणि कंट्रोलरला लगेच कळतं की गॅस गेला नाहीये, सेन्सर गेलाय. भारी आयडिया आहे. पण सिग्नल अर्धवट गळत असेल तर कंट्रोलर बिचारा काय करणार, तो आकडा खराच धरतो.

मी मॅनिफोल्ड गेज (लाइनला जोडून खरा दाब दाखवणारं मीटर) लावला, मशीन चालू असताना ३.५ बार. म्हणजे सिग्नलला २.३ व्होल्ट यायला पाहिजेत, मल्टीमीटरवर आले १.१, म्हणजे बरोब्बर अर्धा बार. कनेक्टर ओढून काढला तर आत पाणी आणि पिनांवर हिरवट गंज. थंड पाइपला घाम सुटतो आणि वायर वरून सरळ खाली कनेक्टरमधे आणलेली, त्यामुळे सगळं पाणी ओघळून तिथेच.

नवीन कनेक्टर टाकला, वायरला कनेक्टरच्या खाली जाईल असा झोल दिला म्हणजे पाणी तिथूनच टपकेल, एवढंच काम. जास्तीच्या गॅसमुळे हेड प्रेशर (कंप्रेसरच्या पुढचा दाब) मात्र चढून बसलं होतं, तो रिकव्हरी सिलिंडरमधे काढून घेण्यातच संध्याकाळ गेली.

मामा तोवर शेजारी उभा, "मग त्या दोन किलोचे पैसे?" मेकॅनिक अजून फोन उचलत नाहीये.