चोडणातली मिरचीची रोपं

"औषध कुठलं मारू तेवढं सांग, बाय." फोनवर काकांचं पहिलं वाक्य हेच. त्यांच्या रोपवाटिकेतली मिरचीची रोपं करपत होती. गोव्यातल्या रायबंदरची फेरी पकडून चोडण बेटावर पोचेपर्यंत मी त्यांना एवढंच विनवत होते की आज काही फवारू नका, खतही देऊ नका.

बंद खोली, एलईडी दिवे १४ तास, एसी, आणि रॅकवर ९८ कप्प्यांचे ४० ट्रे. सगळी खोला मिरची, काणकोणातल्या शेतकऱ्यांनी सांगून ठेवलेली. ती पावसाच्या पाण्यावर डोंगरउतारावर लावतात, म्हणून रोप मेअखेरीला तयार हवं. पुन्हा पेरून चालण्यासारखं नव्हतं. दुकानदाराने मोबाइलवर फोटो बघून 'बोकड्या', म्हणजे पानं वळवणारा रोग, सांगितला होता. त्यानंतर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची दोनदा आळवणी, म्हणजे मुळाशी ओतणं, आणि रोपं खुंटली म्हणून १९:१९:१९ हे खत दोनदा. पाणी कुठलं देता, हे त्या माणसाने एकदाही विचारलं नाही. फोटोवरून औषध विकणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण करपलेली कड दहा कारणांनी एकसारखीच दिसते.

बोकड्या नव्हता. फुलकिडे असले तर पान वर वळतं, कोळी असला तर खाली. भिंगातून पानांची मागची बाजू पाहिली, दोन्हींपैकी काही नव्हतं. मरही नव्हती. मर लागली की खोड बुडाशी पाणचट होऊन बारीक होतं, रोप आडवं पडतं आणि ट्रेमध्ये गोल चट्टा पसरत जातो. इथली रोपं ताठ उभी होती. बीजदलांच्या कडेला कोरडी तपकिरी रेघ आणि मधलं सगळ्यात कोवळं पान चमच्यासारखं आत वळलेलं.

अशा वेळी मी एका रोपाकडे बघत बसत नाही, सगळा रॅक बघते. ४०पैकी २६ ट्रे वाईट, १४ बरे. ते २६ कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, नव्या विटांचे होते. बऱ्या १४ ट्रेमध्येही एसीच्या झोतासमोरच्या ओळीची टोकं करपलेली. वाईट ट्रेच्या कप्प्यांच्या काठावर पिठासारखी पांढरी रेघ होती, नखाने खरवडली की निघत होती. ते मीठ. एसीची कोरडी हवा वरचं पाणी उडवते, क्षार वरच साचतात.

मग मोजलं. एक वाटी कोकोपीट, दोन वाट्या डिस्टिल्ड वॉटर, ढवळून अर्धा तास ठेवायचं, गाळून ईसी मीटर बुडवायचा. ईसी म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये. या पद्धतीत कोवळ्या रोपांना साधारण ०.३ ते ०.७ मानवतो. जुन्या ट्रेचा ०.९ आला, नव्यांचा २.१. विहिरीचं पाणी मोजलं तर १.३! डिसेंबरात काकांनी तेच पाणी तपासलं होतं, ०.३ होतं. पण विहीर खाजनापासून, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीपासून, दोन शेतं अलीकडे. मे महिन्यात गोडं पाणी खाली जातं आणि खारं आत शिरतं. तपासणीचा कागद त्यांनी जपून ठेवला होता. तो डिसेंबरचा कागद मेमध्ये कामाचा नव्हता.

वीट "धुतलेली" आहे असं पाकिटावर लिहिलं होतं. इथेच बहुतेकांची फसगत होते. साध्या पाण्याने मोकळं मीठ जातं, पण काथ्याच्या भुशाला चिकटून बसलेलं सोडियम आणि पोटॅशियम तसंच राहतं. मग तुम्ही दिलेलं कॅल्शियम तो भुसा ओढून घेतो आणि सोडियम सोडतो. रोपाला कॅल्शियम मिळत नाही, म्हणून कोवळं पान वळतं. १९:१९:१९मध्ये कॅल्शियम नसतंच. त्याने ईसी तेवढा वाढला. ५ किलोच्या विटेला १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून त्यात ती रात्रभर भिजवायची, सकाळी निथळून साध्या पाण्याने धुवायची, मोजायचं आणि मगच ट्रे भरायचे. हे काम पेरणीआधीचं.

पेरून झालेल्या ट्रेला धुणं हाच उपाय. नळाचं पाणी ०.२ होतं. ट्रेमध्ये साधारण ३ लिटर कोकोपीट बसतं, म्हणून दर ट्रेला एकूण ६ लिटर पाणी, बारीक झारीने, २० मिनिटांच्या अंतराने तीन वेळा विभागून. एकदम ओतलं तर पाणी कप्प्याच्या कडेने निघून जातं आणि मीठ मध्येच राहतं. ट्रे पट्ट्यांवर उचलून ठेवले, निथळलेल्या पाण्यात टेकता कामा नयेत. दिवे एक दिवस ८ तासांवर आणले, एसीचा झोत छताकडे वळवला. दुसऱ्या दिवशी लिटरला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. पुढचं पाणी घड्याळ बघून द्यायचं नाही, ट्रे उचलून वजनावरून द्यायचं.

याच खोलीत खालच्या फळीवर मिरवेलीची, म्हणजे काळ्या मिरीच्या वेलीची, छाटकलमं होती, तीही मान टाकलेली. काका त्यांना आणखी पाणी घालणार होते. एक उपटून पाहिलं तर बूड काळं, मऊ. कोकोपीट ओलंचिंब आणि तरी पान लोंबतंय, म्हणजे बुडाला हवा नाही, तिथे पाणी घालणं म्हणजे कलम बुडवणं. ती फेकली. नवी लावताना २-३ पेरांची घ्यायची, मुळं फुटवणाऱ्या आयबीए संप्रेरकाच्या १००० पीपीएम द्रावणात ४५ सेकंद बुडवायची आणि वर प्लॅस्टिक टाकायचं. मुळं फुटेपर्यंत त्यांना दमट हवा हवी, पायाशी डबकं नको.

मिरचीची करपलेली पानं हिरवी होत नाहीत, त्यामुळे काका रोज फोन करायचे. मी म्हणायचे, मधलं नवं पान बघा. सहाव्या दिवशी ते सपाट निघालं. ईसी ०.७वर आला होता. २६पैकी १९ ट्रे विकण्याजोगे झाले.

एक ट्रे मी मुद्दाम धुतला नव्हता, फक्त त्याचं पाणी बदललं होतं. दहा दिवसांनीही त्याचं नवं पान वळलेलंच होतं, म्हणजे मोठा वाटा कोकोपीटचा. पण धुऊन पुन्हा विहिरीचंच पाणी दिलेला एक ट्रे ठेवायला हवा होता, तो ठेवला नाही. विहिरीने किती बिघडवलं, ते त्यामुळे अजून सांगता येत नाही. काका आता दर सोमवारी विहिरीचं पाणी मोजून आकडा पाठवतात. परवाचा १.४ होता.