एका छिद्राचा फरक

चाकणच्या एका कारखान्यात छिद्रांच्या पत्र्यांची थप्पी उपसणारा रोबो अधूनमधून पत्र्याच्या अकरा-साडेअकरा सेंटिमीटर वर हवेतच थांबायचा, चुंबक चालू करायचा आणि रिकामा परतायचा. क्वचित उलटंही व्हायचं: ग्रिपर, म्हणजे त्याची पकड, थप्पीवर आदळायचा आणि धडकेचा अलार्म वाजायचा. स्क्रीनवर मात्र डेप्थ मॅप, म्हणजे प्रत्येक बिंदू किती अंतरावर आहे ते दाखवणारं चित्र, दोन्ही वेळा गुळगुळीत, एकसंध. बघणाऱ्याला शंकाही येऊ नये असा.

हे अंतर वर बसवलेले दोन कॅमेरे मोजतात: एकच वस्तू दोन्ही चित्रांत किती सरकलेली दिसते (डिस्पॅरिटी) यावरून. त्यांच्यामधलं अंतर १२० मिमी, फोकल लेंग्थ १४०० पिक्सेल, पत्रा १.५ मीटरवर. म्हणजे एकच छिद्र दोन्ही चित्रांत ११२ पिक्सेल सरकलेलं दिसायला हवं.

उंचीच्या, म्हणजे कॅमेऱ्यापासूनच्या अंतराच्या, नोंदी काढल्यावर लगेच डोळ्यांत भरलं ते हे, की चूक विखुरलेली नव्हती. नोंदी १.३८५, १.५० आणि १.६३६ मीटर या तीन आकड्यांभोवतीच जमल्या होत्या, मधे काही नाही. कॅमेऱ्यांचा ब्रॅकेट सैल असता किंवा लेन्स तापून कॅलिब्रेशन ढळलं असतं, तर आकडा हळूहळू सरकला असता. इथे तो उडी मारत होता, आणि डिस्पॅरिटीत मोजली तर प्रत्येक उडी सारखीच: ९.३ पिक्सेल. पत्र्यावरच्या छिद्रांचा पिच, म्हणजे शेजारच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधलं अंतर, १० मिमी. दीड मीटरवरचे १० मिमी म्हणजे नेमके ९.३ पिक्सेल. डाव्या चित्रातल्या छिद्राची जोडी उजवीकडे शेजारच्या छिद्राशी लागत होती.

माणसाचे डोळेही इथे फसतात. स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरने १८४४ मध्येच भिंतीवरच्या नक्षीच्या कागदाबाबत हे लिहून ठेवलंय. असा पत्रा ६० सेंटिमीटरवर धरून नजर जवळ वळवली आणि डोळे एक छिद्र चुकून जुळले, तर पत्रा साधारण ५२ सेंटिमीटरवर तरंगताना दिसतो. फरक इतकाच की आपण डोकं हलवतो, पत्र्याची कड दिसते, डोळ्याचं फोकसही वेगळंच अंतर सांगत असतं. या यंत्राला फक्त पत्र्याचा मधला भाग दिसत होता; कडा गाइडखाली झाकलेल्या.

तरी सॉफ्टवेअरने हे धरायला हवं होतं. डावं-उजवं ताडून पाहण्याची तपासणी चालू होती, पण दोन्ही बाजू एकाच चुकीवर एकमत होत असल्यामुळे ती निरुपयोगी. खरं कुलूप म्हणजे युनिकनेस रेशो: पहिली आणि दुसरी जुळणी जवळपास सारखीच चांगली असेल तर तो पिक्सेल रिकामा सोडायचा. बसवणाऱ्यांनी तो १० वरून ० केला होता, कारण मॅपमध्ये काळे डाग दिसत होते. ते डाग म्हणजे यंत्राचं प्रामाणिक ‘माहीत नाही’ होतं. ते पुसायला नको होतं.

रेशो परत १० केला. डाग परतले, अपेक्षेप्रमाणे. शोधाचा पट्टा, म्हणजे जोडी किती पिक्सेलच्या टप्प्यात शोधायची ती मर्यादा, आवळणं हा सोपा मार्ग वाटतो, पण ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या सॉफ्टवेअर-लायब्ररीत तो १६ च्या पटीतच घ्यावा लागतो आणि १६ पिक्सेलमध्ये दोन छिद्रं आरामात बसतात.

सर्वांत स्वस्त उपाय ब्रॅकेटचा निघाला. छिद्रं ६० अंशांच्या तिरक्या ओळींत होती आणि कॅमेऱ्यांची जोडी नेमकी ओळीला समांतर. जोडी १५ अंश फिरवली की शोधरेषेवर (ज्या ओळीत सॉफ्टवेअर जोडी शोधतं ती) नीट जुळणारं पुढचं छिद्र साडेतीन पिचच्याही पलीकडे जातं. तिथली चूक १.१५ किंवा २.१ मीटर दाखवेल, जिथे थप्पी असूच शकत नाही. अशी नोंद सरळ फेकून देता येते. फिरवल्यावर रोबो आणि कॅमेऱ्याचं आपसातलं कॅलिब्रेशन मात्र नव्याने करावंच लागतं.

शिवाय यादृच्छिक ठिपक्यांचा इन्फ्रारेड प्रोजेक्टर लावला. दृष्टीचे संशोधक बेला युलेझ यांनी १९६० मध्ये असेच ठिपके वापरून दाखवलं होतं की वस्तू ओळखू न येताही खोली दिसते. इथे त्यांचा उपयोग म्हणजे प्रत्येक तुकडा शेजाऱ्यापेक्षा वेगळा होतो. ठिपका चित्रात किमान दोन-तीन पिक्सेलचा हवा. शेडच्या पत्र्यातून ऊन येत असेल तर लेन्सवर फक्त प्रोजेक्टरच्याच तरंगलांबीचा प्रकाश आत सोडणारा बँडपास फिल्टर लागतो, नाहीतर ठिपके दुपारी विरतात.

थप्पीशेजारी आता ठिपक्यांचं स्टिकर लावलेली एक पक्की प्लेट आहे. प्रत्येक उचलीआधी तिची उंची मोजली जाते. एक पिक्सेलची चूक इथे सुमारे १३ मिमी पडते, म्हणून ५ मिमीच्या वर फरक दिसला की रोबो खाली उतरतच नाही.