शरथ कमल आणि ३८ मिमीचा बॉल

टेबल टेनिसवाल्याचं करिअर किती वर्षं चालतं असा विषय निघाला की मला आधी शरथ कमलच आठवतो. २००३ ला पहिल्यांदा नॅशनल चॅम्पियन, २०२२ ला दहाव्यांदा. कमलेश मेहतांचा आठ टायटल्सचा रेकॉर्ड त्याने २०१९ ला मोडला हे बऱ्याच जणांना माहितीय, पण मला त्याचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

तो जो खेळ शिकला तो खेळ आता उरलेलाच नाहीये.

बघा ना, १९८२ चा जन्म, वडील आणि काका दोघंही कोच, त्यामुळे बॅट लहानपणीच हातात आली. तेव्हा बॉल ३८ मिमीचा, गेम २१ पॉइंटचा, सर्व्हिस आळीपाळीने पाच-पाच. २००० मधे बॉल ४० चा झाला, स्पिन आणि स्पीड दोन्ही कमी. २००१ ला गेम ११ चा आणि सर्व्हिस दोन-दोन, म्हणजे आधी मागे पडलं तरी सावरायला वेळ मिळायचा, आता चार पॉइंट ढिले गेले की गेम गेलाच म्हणायचा. मग सर्व्हिस करताना बॉल हाताआड लपवणं बंद.

आणि बीजिंग ऑलिंपिकनंतर स्पीड ग्लू बंद! माझ्या मते फोरहँडवर जगणाऱ्यांना सगळ्यात जास्त हेच जड गेलं. मॅचआधी बॅटवरचं रबर सोलून काढायचं, ग्लूचा ताजा थर द्यायचा, परत चिकटवायचं, त्यातल्या सॉल्व्हंटने रबराखालचा स्पंज फुगायचा आणि बॉल असा खणखणीत आवाज करत सुटायचा की ऐकणाऱ्यालाही कळायचं शॉट बसलाय. त्याच्या वाफा विषारी होत्या, बंदी आली ते बरोबरच झालं, पण शरथचा सगळा खेळ त्या दणदणीत फोरहँडवर उभा होता, आणि २५-२६ वर्षांच्या वयात हाताला बसलेलं टायमिंग परत बसवायचं म्हणजे काय असतं ते खेळणाऱ्यालाच कळेल. २०१४ ला प्लास्टिकचा बॉल आला तेव्हा तर तो ३२ चा होता. मधे लंडन ऑलिंपिक हुकलं, २०१५ ला हॅमस्ट्रिंगची मोठी दुखापत.

तरी मेलबर्न २००६ ला कॉमनवेल्थचं सिंगल्स गोल्ड, आणि १६ वर्षांनी बर्मिंगहॅमला, वयाच्या चाळिशीत, पुन्हा तेच गोल्ड. फायनलला इंग्लंडच्या लियम पिचफर्डसमोर पहिला गेम घालवून ४-१ ने जिंकला. शिवाय टीमचं गोल्ड, आणि श्रीजा अकुलाबरोबर मिक्स्डचंही.

मार्च २०२५ मधे चेन्नईत, घरच्याच लोकांसमोर, तो शेवटची स्पर्धा खेळला आणि आपल्याच स्नेहित सुरवज्जुलाकडून हरला.

पण मला विचाराल तर त्याची सगळ्यात भारी मॅच टोकियो ऑलिंपिकमधली, जी तो हरला. समोर चीनचा मा लाँग, आधीचा ऑलिंपिक चॅम्पियन. पहिला गेम गेला, दुसरा शरथने ११-८ ने घेतला, तिसरा ड्यूसपर्यंत, म्हणजे १०-१० पर्यंत नेला (तिथून दोन पॉइंटची आघाडी लागते) आणि तो १३-११ ने मा लाँगकडे गेला. पुढचे दोन गेम ४-११, ४-११. तो तिसरा गेम मी अजूनही अधूनमधून लावून बघते, आणि ११-११ ला आले की दरवेळी वाटतं, आत्ता हा घेणार.