नाव हरवलेला जास्पर

गेले तीन आठवडे माझ्या कामाच्या टेबलावर मुठीएवढा एक दगड आहे. एका जुन्या संग्रहातले दगड खोक्यासकट घेतले होते, त्यांत तो अगदी तळाशी होता. त्याला चिठ्ठी चिकटवलेली नाही, रंगाने क्रमांक घातलेला नाही, आणि तो कुठून आला हे सांगू शकेल असे कोणी आता उरलेले नाही. वरून तो मातकट तपकिरी आहे. मात्र एका बाजूचा टवका उडालेला असल्यामुळे तेथे मोहरीच्या रंगाची जमीन आणि तिच्यावरून गेलेल्या गडद रेघा दिसतात, आणि तेवढा भाग ओला केला की एकामागे एक डोंगररांगा उभ्या असाव्यात तसे चित्र उमटते. ज्याने ज्याने तो पाहिला, त्याने "हा कोणता जास्पर?" असेच विचारले. या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले असतात, असे मला आता वाटते: हा दगड कशाचा आहे, आणि हा दगड कुठला आहे. पहिल्याचे उत्तर साध्या साधनांनी बऱ्याच खात्रीने मिळते, दुसऱ्याचे बहुतेक वेळा मिळत नाही, आणि दगड कापून घासणाऱ्याला खरी गरज पहिल्याच उत्तराची असते.

जास्पर हा क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म कणांचा प्रकार, म्हणजे गारगोटीच्याच कुळातला. अकीकही त्याच कुळातला. पण जास्परमध्ये सिलिकेबरोबर (क्वार्ट्झ ज्याचे बनते ते द्रव्य) लोहाची ऑक्साइडे, चिकणमाती आणि इतर खनिजे इतकी मिसळलेली असतात, कधी कधी २० टक्क्यांपर्यंत, की त्याच्यातून प्रकाश जात नाही. हेमॅटाइटमुळे तो लाल होतो, गोएथाइटमुळे पिवळा किंवा तपकिरी, आणि क्लोराइटसारख्या खनिजांमुळे हिरवा. म्हणून सर्वांत आधी मी टवक्याची पातळ कड टॉर्चसमोर धरली. अकीक असता तर ती कड मधासारखी उजळली असती. येथे सगळी कड काळोखी राहिली, फक्त एका कोपऱ्यात नखाएवढी जागा उजळली. तेवढ्या भागात स्वच्छ कॅल्सेडोनी, म्हणजे त्याच कुळातला प्रकाश जाऊ देणारा प्रकार, आहे. असे मिश्रण अगदी नेहमीचे आहे आणि त्याची भीती नाही, कारण दोन्हींचे काठिन्य जवळपास सारखे असल्याने ती चाकावर बरोबरीने झिजतात.

काठिन्याची परीक्षा सगळ्यांना माहीत असते, पण तिचा निकाल वाचताना घाई होते. खनिजांचे काठिन्य १ ते १० मध्ये मोजणाऱ्या मोसच्या मोजपट्टीवर जास्पर ६.५ ते ७ असतो आणि चाकूचे साधे पोलाद सुमारे ५.५. मी चाकूचे टोक दगडाच्या टवक्यावर जोर देऊन ओढले, तेव्हा एक करडी रेघ उठली. पुष्कळ जण येथेच थांबतात आणि दगड मऊ आहे असे ठरवून मोकळे होतात. ओल्या बोटाने ती रेघ पुसली, तर ती सबंध निघून गेली. नखाला कोठे खाच लागली नाही, भिंगाखालीही चर दिसला नाही. ती रेघ दगडावरची नव्हतीच, दगडाने चाकूचे पोलाद खरवडून घेतले होते. ही परीक्षा हवेने झिजलेल्या सालीवर कधीही करू नये. चांगल्या जास्परची सालही कित्येकदा खडूसारखी मऊ झालेली असते आणि ती आतल्या दगडाविषयी चुकीची साक्ष देते.

यानंतर दहापट दाखवणारे भिंग. माझ्या मते सगळ्या परीक्षांमध्ये हिच्याइतके सांगणारी दुसरी नाही आणि हिच्यासाठी हवा तेवढा वेळ द्यावा. खऱ्या जास्परच्या ताज्या भंगावर या भिंगातूनही कण वेगळे दिसत नाहीत. भाजलेल्या कौलाची कड घोटून गुळगुळीत केली तर जशी दिसेल, तसा तो पृष्ठभाग एकजीव आणि मंद दिसतो, आणि शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी त्याच्यावर वक्र वलये असतात. खनिजशास्त्रात ज्याला शंखाभ भंजन म्हणतात ते हेच. त्याऐवजी साखरेसारखे चमचमणारे कण, फेल्स्पार या खनिजाच्या चपट्या चमकत्या बाजू किंवा केंद्रातून बाहेर पसरलेल्या सुया दिसल्या, तर आपल्या हातात ज्वालामुखीचा खडक, बहुधा रायोलाइट, असण्याची शक्यता मोठी. गोल ठिपक्यांवर अजिबात विसंबू नये, कारण तसे ठिपके जास्परमध्येही तयार होतात आणि रायोलाइटमध्येही. माझ्या दगडात मोहरीच्या जमिनीपासून गडद रेघेपर्यंत भिंग सरकवत नेले, तेव्हा रंग बदलला, पण पोत बदलला नाही. रेघा म्हणजे वेगळ्या खनिजाचे थर नसून सिलिकेतच पसरलेला लोहाचा डाग आहे, एवढे त्यावरून कळले, आणि पॉलिश करताना रेघा खोल जाणार नाहीत याचा दिलासाही मिळाला.

विशिष्ट गुरुत्वही, म्हणजे दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे तेही, काढले. वजनकाट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणला आणि दगड दोऱ्याने, तळाला न टेकवता, पाण्यात पूर्ण बुडवला. दगडाचे वजन २४० ग्रॅम आणि काट्यावरची वाढ, म्हणजे दगडाएवढ्या पाण्याचे वजन, ९२ ग्रॅम; भागाकार २.६१. जास्परला हे शोभते, पण फेल्स्पारलाही शोभते आणि कॅल्साइटही २.७१ म्हणजे फार दूर नाही. दगड लोहाने फार जड नाही किंवा सच्छिद्र नाही, एवढेच या परीक्षेने सांगितले.

आम्लाच्या थेंबाने मात्र अनपेक्षित गोष्ट दाखवली. टवक्यावर सौम्य आम्ल टाकल्यावर मुख्य भाग शांत राहिला. पण एका केसाएवढ्या पांढऱ्या शिरेतून बारीक बुडबुडे निघाले. ती शीर कॅल्साइटची आहे, म्हणजे काठिन्य ३. ती जर घासून बनवायच्या खड्याच्या मध्यावर आली, तर भोवतालचा जास्पर उंच राहील, शीर चरासारखी खोल झिजेल आणि कितीही घासले तरी तो चर जाणार नाही.

या सगळ्या खटाटोपाचे एक कारण असे की जास्पर हे नाव व्यापारात फार सैल हाताने वापरले जाते. डाल्मेशियन जास्पर नावाने विकला जाणारा पांढरा, काळ्या ठिपक्यांचा दगड मेक्सिकोतला आहे आणि तो मुख्यतः फेल्स्पार व क्वार्ट्झ यांचा अग्निज खडक आहे. मादागास्करचा हिरवा कंबाबा जास्पर जीवाश्म म्हणून विकला जातो, पण तोही रायोलाइटच्या कुळातला ज्वालामुखीचा खडक आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातला मूकाइट मात्र खरोखर सिलिकेचा असून त्याचा उगम रेडिओलेरिया नावाच्या सूक्ष्म सागरी जीवांच्या गाळात आहे. बंबलबी जास्परविषयी तर निक्षून सांगावेसे वाटते: इंडोनेशियातला हा पिवळा-काळा दगड मुळात कॅल्साइटचा आहे आणि त्याच्या पिवळ्या रंगात आर्सेनिकची सल्फाइडे असतात. तो न ओळखता कोरडा घासणे म्हणजे विष श्वासात घेणे आहे. खऱ्या जास्परची धूळही निरुपद्रवी नसते. सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसांत साठत गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. म्हणून ओळख पटलेली असो वा नसो, दगड पाण्याखालीच कापावा आणि धुळीसाठी बनवलेला मास्क लावावा.

आता दुसरा प्रश्न, तो कुठला. डोंगररांगांचे चित्र पाहून बहुतेकांनी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचे नाव घेतले, आणि ते स्वाभाविक आहे, कारण तेथले बिग्ज, डेशूट्स आणि ओवायही हे चित्रजास्पर अशाच तपकिरी निसर्गचित्रांसाठी प्रसिद्ध आहेत. परंतु लोहमिश्रित पाणी सिलिकेत थांबत थांबत झिरपले की अशा पट्ट्या कोठेही तयार होऊ शकतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका बेनामी तुकड्याचा खडा करून मी त्याच्या चिठ्ठीवर केवळ छायाचित्रांशी ताडून पाहून "बिग्ज" असे लिहिले आणि तो एका संग्राहक स्नेह्यांना दिला. पुढे खाणीची नोंद असलेला बिग्जचा तुकडा माझ्या हातात आला. त्याचा चिनी मातीसारखा घट्ट पोत आणि रेघांची धारदार कड पाहताच माझी चूक लक्षात आली. मी त्यांना कळवले आणि चिठ्ठी बदलली, पण दरम्यान तो खडा त्याच नावाने इतरांना दाखवला गेला होता. याचे मला अजूनही वाईट वाटते. नाव नसलेल्या दगडाला पुढे कधी तरी खरे नाव मिळू शकते. चुकीचे नाव लागले की शोधच थांबतो.

काल अखेर दगडाला पाते लावले. त्याआधी तो रात्रभर पाण्यात ठेवून बाहेर काढला आणि वाळताना पाहत बसले, कारण पृष्ठभाग कोरडा झाल्यावरही उघड्या भेगांच्या रेषा काही काळ ओल्या, गडद राहतात. अशा दोन भेगा सापडल्या. दोन्ही कडेला आहेत. भरून आलेल्या भेगा अशा ओल्या राहत नाहीत आणि सहसा त्रासही देत नाहीत. पहिला काप पट्ट्यांना काटकोनात घेतला, म्हणजे डोंगर आडवे न कापले जाता उभे दिसतील. सहा मिलिमीटर जाडीचा स्लॅब निघाला आणि त्याचा एक कोपरा २२०, ६०० आणि १२०० अशा क्रमाने बारीक होत जाणाऱ्या नंबरांच्या अपघर्षकांवर घासून सिरियम ऑक्साइड या चमक आणणाऱ्या भुकटीने चमकवला. जमीन, रेघा आणि तो उजळणारा कोपरा, तिघांनाही सारखी चमक आली. कोठे खड्डा नाही, संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत छटा नाही. फक्त पांढऱ्या शिरेच्या जागी नखाला चर लागला.

चाळीस बाय तीस मिलिमीटरच्या लंबगोलाचा साचा आता स्लॅबवर असा आखला आहे की शीर पूर्ण बाहेर राहते आणि सर्वांत उंच रांग मध्याच्या थोडी वर येते. उरलेल्या दगडावर चिठ्ठी चिकटवली आहे: "चित्रजास्पर, थोडी कॅल्सेडोनी, कॅल्साइटची एक शीर, ठिकाण अज्ञात, जुन्या संग्रहातून."