आमची वाटचाल : वाईचा घाट आणि आमचा वर्ग

गणपती आळीतला आमचा स्टुडिओ फिल्मच्या जमान्यातला. लग्नं, मुंजी, पासपोर्ट यावर घर चाललं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. अभिमान आहे तो रस्त्यावरच्या फोटोग्राफीच्या वर्गाचा.

तो सुरू झाला एका गिऱ्हाइकामुळे. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. हातात निकॉन एफएम२ हा फिल्मचा कॅमेरा, त्याला ३५ मिमीची लेन्स. बॅटरी संपली तर प्रकाश मोजणारा मीटर बंद, पण शटर चालूच. रोल धुतला की ज्याचा फोटो त्याच्या हातात प्रिंट नेऊन द्यायचे. भाजीवाली, नावाडी, गुरव, कुणीही असो. पैसे स्वतःच्या खिशातून. मुलांना शिकवायला मीच त्यांना गळ घातली.

कृष्णेच्या घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ सालचं. मागची भिंत माशासारखी निमुळती, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. पर्यटक समोरून फोटो काढून निघतात, मास्तर मुलांना मागे न्यायचे. एफ-८ लावा, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान आणि पुढचं-मागचं बरंच स्पष्ट, फोकस आठ फुटांवर ठेवा आणि माणूस त्या अंतरात येईपर्यंत थांबा. शेजारच्या मेणवली गावी गेलं की म्हणायचे, घाटावरची मोठी घंटा सगळेच टिपतात, तुम्ही तिच्याखाली टेकलेला माणूस बघा.

मग बाहेरच्या एकाने वर्कशॉप काढलं. आमचाच रस्ता, आमचेच दोन जुने विद्यार्थी, फी आमच्या निम्मी. पैसे देऊन कोळ्याला पुन्हा पुन्हा जाळं फेकायला लावायचं, धुणं धुणाऱ्या बायकांवर लांबून झूम रोखायचा. बायका चिडल्या, आणि चिडणारच. पण दारं बंद झाली ती आमच्याही तोंडावर. कॅमेरा दिसला की घाटावर शिव्या. वर्ग ओस पडला, स्टुडिओचं भाडं थकलं, निगेटिव्हवरून मोठे प्रिंट काढायचा एन्लार्जर विकायला काढला होता. मास्तरांनी तो विकू दिला नाही. जुन्या निगेटिव्हजचे प्रिंट काढायला लावले आणि आळी-आळीत स्वतः वाटत फिरले. हळूहळू लोक पुन्हा बोलू लागले.

नवशिक्यांनो, आधी झूम विका. एकच लेन्स वर्षभर वापरा. फोटो काढलात तर प्रिंट द्या, मोबाइलवर पाठवून भागवू नका.

त्या वर्कशॉपच्या जाहिरातीत अजून गंगापुरीतल्या एका आजींचा फोटो आहे. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या भिंतीवरचा फोटो मात्र आमच्याकडचा आहे, फ्रेमसकट.