साध्या गाडीच्या शोधात तिसरा रविवार

रविवार, रात्र.

दोनदा हात धुतले तरी नखांतलं काळं गेलेलं नाही. आज तिसरी गाडी पाहिली आणि मन तिथेच बसलंय. उद्या डोकं पुन्हा फिरायच्या आत लिहून ठेवतो.

स्लीपर बांधायची, एवढं पहिल्या दिवसापासून पक्कं आहे. कुणी वळूनही बघणार नाही अशी जुनी, साधी गाडी, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पाठ सीटला चिकटली पाहिजे. खिसा बेताचा आहे, त्यामुळे इंजिन बदलायचा विषयच नाही. जे आहे त्यातूनच दम काढायचा.

पहिला मोह नव्वदच्या दशकातल्या होंडा सिव्हिकचा होता. हलकी गाडी, भाग मिळायलाही सोपे. पण इतक्या पोरांनी ती पळवलीय की नुसती उभी असली तरी शेजारचा कान टवकारतो. मग मर्सिडीजची डब्ल्यू १२४. तिचं दार लागतानाचा तो जड, बसका आवाज मला फार आवडतो. कंपनीने स्वतःच त्या बॉडीत ५ लिटरचं व्ही-८ घालून ५०० ई काढली होती, म्हणजे गाडीत ताकद पेलायची धमक आहेच. मात्र साध्या चार सिलिंडरच्या १२४ ला तिथवर न्यायचं तर इंजिनापासून सगळंच आणावं लागेल. तिचा नाद सोडला.

फिरून फिरून व्होल्व्होवरच येत होतो. १९८५ ची युरोपियन टूरिंग कार स्पर्धा व्होल्व्हो २४० टर्बोने जिंकली होती, त्या खोक्यासारख्या गाडीने. (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा.) लोक तिला उडती वीट म्हणायचे. तिच्याच घराण्यातलं इंजिन पुढे ७४० आणि ९४० मध्ये आलं: ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. ब्लॉकला लाल रंग असतो म्हणून सगळे त्याला लाल ब्लॉक म्हणतात. आठ व्हॉल्व्हच्या या इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा, तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. वापरलेली गाडी घेणाऱ्याला ही किती मोठी सोय आहे! आधीच्या मालकाने बेल्ट कधी बदलला हे कोण छातीठोकपणे सांगणार?

मागच्या रविवारी १९८६ ची ७४० पाहिली. बाहेरून इतकी स्वच्छ की मी मनात होकार देऊनच बॉनेट उघडलं. इंजिनाजवळची एक वायर दोन बोटांत धरून जरा वाकवली, तर वरचं आवरण बिस्किटासारखं तुटून हातात आलं. आत उघडी तार. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच व्होल्व्होंना हा रोग आहे, आवरणाचा मसालाच तसा होता, उष्णतेने त्याचा भुगा होतो. पूर्ण इंजिनाचं वायरिंग नव्याने ओढायचं म्हणजे टर्बोचे पैसे तिथेच संपले. तरी दादा म्हणाला, "घे ना, पत्रा चांगला आहे." रात्रभर विचार केला आणि सोडली. अजून थोडी हळहळ वाटते.

आजची ९४० टर्बो. १९९४ ची, इस्टेट, मागे लांब डिकी. मालक काका एकटेच, सामान वाहायला ठेवली होती म्हणाले. २.३ लिटर, कंपनीच्या कागदावर १६५ अश्वशक्ती. १९९० पासून या इंजिनात कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला धरणारे दांडे, जाड आले, म्हणून मला त्यानंतरचंच इंजिन हवं होतं. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवला की आधी वाकतो तो रॉड.

डिकीतला गालिचा उचलला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून पत्रा चाचपला. कोरडा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कडेकडेने ठोकत गेलो, सगळीकडे टणक आवाज. प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते बघायला कॉम्प्रेशन गेज लावलं: १४५, १४२, १४६, १४३. चार आकडे इतके जवळ बघून बरं वाटलं. आकडा थोडा कमी असता तरी चाललं असतं, पण एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा खाली गेलेला असता तर मी परत फिरलो असतो.

मग रबरी हातमोज्याची चाचणी. इंजिन चालू ठेवून तेलाच्या झाकणाच्या जागी मोजा ताणून लावायचा. आत ओढला गेला तर ब्रीदर, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणारी वाट, मोकळा. फुगला तर इंजिनाच्या पोटात दाब साठतोय आणि तो सीलमधून तेल बाहेर ढकलणार. पाच बोटं हळूहळू फुगून उभी राहिली. दादा माझ्याकडे बघत राहिला. मला मात्र धीर आला, कारण गिअरबॉक्सच्या सांध्याशी जे तेल पाझरत होतं त्याचं कारणच समोर उभं होतं. ब्रीदरचा डबा आणि त्याची नळी काजळीने बुजलेली असणार. साफ करणं अर्ध्या दिवसाचं काम. तेवढ्याने पाझर थांबला नाही तर गिअरबॉक्स उतरवून मागचा सील बदलायचा, तीही तयारी आहे.

चालवताना गाडी सुरुवातीला जड वाटली. मग टर्बो भरला आणि ती मोठी चौकोनी खोली कुरकुर न करता पुढे सरकत राहिली. काचा वर होत्या, आवाज जवळजवळ नाही. मला नेमकं हेच हवं आहे. कर्कश सायलेन्सर लावून ते घालवायचं नाही.

बूस्टला लगेच हात लावणार नाही. आधी ब्रेक. वेग १०० चा १४० झाला की गाडीतली ऊर्जा जवळपास दुप्पट होते, आणि ती सगळी उष्णता होऊन डिस्कमध्येच उतरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांना उकळायला हवं, ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. या गाडीतलं तेल चहासारखं काळपट झालंय. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी भरपूर आहे, पण टायर ११ वर्षांचे. तेही जाणार. त्यानंतर पेट्रोलचा पंप आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणारा सेन्सर. १४.७ ला १ हे प्रमाण रमतगमत चालवायला ठीक, बूस्टखाली ते बाराच्या आसपास आणावं लागतं, नाहीतर इंजिन नॉक करतं, म्हणजे मिश्रण अवेळी भडकतं, आणि पिस्टन वितळतो. तीन महिने यातच जातील, जाऊ देत.

निघताना काकांनी विचारलं, "रंग बदलणार का हो?"

"नाही काका. बाहेरून आहे तशीच ठेवणार, चाकांच्या टोप्यांसकट."

त्यांना ते बरं वाटलं असावं. दार माझ्यासाठी त्यांनीच उघडून धरलं. परत येताना सारखं जाणवत होतं की टर्बो नसता, काहीच बदलायचं नसतं, तरी मला ही गाडी आवडली असती. ७४० बघताना मला फक्त पुढे काय करायचं तेच दिसत होतं.

सकाळी फोन करायचा. ब्रीदरचा डबा, त्याची नळी, मागचा सील, डॉट ४ चे दोन डबे. यादी भिंतीवर लावली आहे.